डीव्हीडीवरचं जुनं रेकॉर्डिंग: फाइली जोडण्याआधी त्यातलं घड्याळ समजून घ्या



पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर लॅबमधून वारशाने काय काय मिळतं याची यादी केली तर त्यात एक वस्तू बऱ्याच ठिकाणी सापडेल: कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला डीव्हीडींचा गठ्ठा. वर मार्करने तारीख, पिंजरा क्रमांक किंवा प्रयोगाचं नाव लिहिलेलं. "आधीच्या बॅचची निरीक्षणं आहेत, बघ काही वापरता येतंय का," असं गाइड सांगतात आणि काम आपल्याकडे येतं. माझं काम प्राणिवर्तनावर असल्यामुळे माझ्या वाट्याला असे गठ्ठे जरा जास्तच येतात. पण भाषाशास्त्रातल्या मुलाखती, शिक्षणशास्त्रातले वर्गनिरीक्षणाचे व्हिडिओ, भौतिकशास्त्रातले प्रयोग, लोककलेचं दस्तऐवजीकरण, सगळीकडे साधारण हीच कथा. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याला टेबलावरचा डीव्हीडी रेकॉर्डर जोडायचा, किंवा थेट छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर चित्रण करायचं, अशी पद्धत होती.

डिस्क कॉम्प्युटरला लावली की आत चार-पाच विचित्र नावांच्या फाइली दिसतात. मग साहजिकच दोन प्रश्न येतात: हे चालवायचं कसं, आणि या सगळ्याची एकच फाइल करायची कशी? यूट्यूबवर याची उत्तरं पाच मिनिटांत मिळतात. सिनेमा बघायचा असेल तर ती पुरेशीही आहेत. आपल्याला मात्र त्या व्हिडिओतून वेळ मोजायचा असतो. पक्षी घरट्यावर किती सेकंद थांबला, विद्यार्थ्याने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, गोळा खाली पडायला किती लागला. इथे 'जोडली एकदाची' म्हणून भागत नाही. फाइल व्यवस्थित चालते, चित्र दिसतं, आवाज येतो आणि तरी त्यातली वेळ चुकीची असते, असं होऊ शकतं. आजचा लेख त्यावर आहे.

डिस्कमध्ये असतं काय

डिस्क उघडल्यावर 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर दिसेल. त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. ज्यांच्या शेवटी व्हीओबी आहे त्यात प्रत्यक्ष चित्र आणि आवाज. आयएफओ म्हणजे त्या चित्राची अनुक्रमणिका: कुठला भाग कुठून सुरू होतो, कशानंतर काय चालवायचं, एकूण लांबी किती. आणि बीयूपी ही आयएफओचीच राखीव प्रत. डिस्कवर ओरखडा पडून आयएफओ वाचता आली नाही तर बीयूपी कामी येते.

व्हीओबी फाइलींची नावं व्हीटीएस_०१_०, व्हीटीएस_०१_१, व्हीटीएस_०१_२ अशी असतात. मधला आकडा संचाचा, शेवटचा तुकड्याचा. शेवटी शून्य असलेल्या व्हीओबीत त्या संचाचा मेनू असतो, चित्रण नसतं. खरं चित्रण १ पासून पुढे, जास्तीत जास्त ९ पर्यंत.

हे तुकडे का? कारण डीव्हीडीचे नियम ठरले त्या काळात, म्हणजे १९९० च्या दशकाच्या मध्यात, अनेक संगणकप्रणालींना फार मोठ्या फाइली पेलत नसत. म्हणून एका व्हीओबीला १ जीबीची मर्यादा घातली गेली. भरलेल्या डिस्कवरच्या पहिल्या तुकड्याचे गुणधर्म उघडून बघा. बऱ्याचदा आकार नेमका १,०७,३७,३९,७७६ बाइट दिसेल. संगणकाच्या हिशोबातला १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, त्यातून डिस्कचा एक सेक्टर, म्हणजे २,०४८ बाइट, वजा.

आता यातला मुद्दा लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फाइल कुठे तुटते हे बाइट ठरवतात. चित्रात त्या क्षणी काय चाललं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. रेकॉर्डिंग कुठे थांबलं आणि कुठे परत सुरू झालं, याच्याशीही नाही.

चालवायचं कसं

हा भाग सोपा आहे, पटकन सांगते. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या नेहमीच्या प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोय काढून टाकली. त्यामुळे 'डिस्क खराब आहे' असा निष्कर्ष काढण्याआधी व्हीएलसी टाकून बघा. पॅरिसमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि डीव्हीडीचं चित्र वाचण्यासाठी वेगळं काही लागत नाही.

फक्त एक सवय लावून घ्या. व्हीओबी फाइलवर डबल-क्लिक करून ती चालवू नका. व्हीएलसीच्या मीडिया मेनूतून डिस्क उघडा, किंवा कॉपी हार्ड डिस्कवर असेल तर पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडा. असं केलं की प्लेअर आधी आयएफओ वाचतो आणि तिच्यात सांगितलेल्या क्रमाने तुकडे चालवतो. सुटी व्हीओबी उघडली तर त्याच्याकडे अनुक्रमणिकाच नसते, मग तो लांबी अंदाजाने दाखवतो. अर्ध्या तासाची फाइल सात मिनिटांची दिसणं, मधेच क्लिक केल्यावर भलतीकडे जाणं, हे प्रकार यातूनच होतात.

दोन अपवाद. डिस्कमध्ये व्हिडिओ_टीएसऐवजी 'डीव्हीडी_आरटीएव्ही' फोल्डर आणि व्हीआरओ नावाची एक मोठी फाइल दिसली तर ते रेकॉर्डिंग वेगळ्या पद्धतीने, व्हीआर मोडमध्ये केलेलं आहे. त्याची रचना वेगळी, खालची कृती त्याला जशीच्या तशी लागू नाही. आणि डिस्क पूर्ण कोरीच दिसत असेल, पण मागच्या बाजूला जळल्याचा गोल पट्टा दिसत असेल, तर ती बहुधा 'फायनलाइज' केलेली नाही. ज्या रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यावर ती भरली तोच शोधून तिथे फायनलाइज करता आली तर उत्तम.

घड्याळ कुठे बसलेलं असतं

डीव्हीडीवरच्या चित्रात आणि आवाजात, दर थोड्या अंतराने, वेळेचे शिक्के मारलेले असतात. हे शिक्के सेकंदाचे ९०,००० भाग करणाऱ्या घड्याळावर मोजतात. 'हे चित्र अमुक शिक्क्याला दाखव, हा आवाज तमुक शिक्क्याला ऐकव' असं प्लेअरला कळतं ते यातूनच. ओठ आणि आवाज जुळतात तेही त्यामुळेच.

हे शिक्के पूर्ण डिस्कभर सलग वाढत जातील असा नियम मात्र नाही. रेकॉर्डिंग थांबवून परत सुरू केलं की घड्याळ बहुधा पुन्हा शून्यापासून चालू होतं. डीव्हीडी प्लेअरला याचा त्रास होत नाही, कारण इथे सांधा आहे हे आयएफओत नोंदलेलं असतं. आपण नुसत्या व्हीओबी जोडतो तेव्हा ती नोंद मागे राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा एका डिस्कवर एकाच संचात तीन रेकॉर्डिंग आहेत: १२ मिनिटांचं, ९ मिनिटांचं आणि २० मिनिटांचं. एकूण ४१ मिनिटं. चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सरासरी ६० लाख बिट खर्च होतात असं धरा, जो डीव्हीडीवर अगदी नेहमीचा दर आहे. या दराने १ जीबीचा तुकडा साधारण २३ मिनिटं ५२ सेकंदांत भरतो. म्हणजे रेकॉर्डिंग तीन, पण फाइली दोनच. पहिली फाइल तिसऱ्या रेकॉर्डिंगच्या पोटात, २ मिनिटं ५२ सेकंदांवर तुटणार.

आता शिक्के बघा. पहिल्या फाइलमध्ये घड्याळ ० ते १२ जातं, परत शून्यावर येऊन ९ पर्यंत जातं, परत शून्यावर येऊन २:५२ पर्यंत जातं. दुसरी फाइल २:५२ ला सुरू होऊन २० ला संपते.

समजा तिसऱ्या रेकॉर्डिंगच्या बरोबर पाचव्या मिनिटाला पक्षी घरट्यावर आला. दुसरी फाइल सुटी उघडली तर बहुतेक सॉफ्टवेअर तिची सुरुवात शून्य धरतात, मग हा क्षण दिसेल २:०८ ला. दोन्ही फाइली नुसत्या चिकटवल्या आणि प्लेअरने फक्त पहिला आणि शेवटचा शिक्का बघितला, तर ४१ मिनिटांची फाइल २० मिनिटांची दिसेल आणि '५:००' ही वेळ तीनदा येईल. सगळं नीट सलग जोडलं तर हाच क्षण येईल २६:०० ला. एकाच घटनेच्या तीन वेळा, आणि तिन्ही वेळा व्हिडिओ छान चालतोय! दोन वेगळ्या विद्यार्थ्यांनी दोन वेगळ्या पद्धतीने फाइली जोडून निरीक्षणं नोंदवली तर त्यांच्या नोंदी एकमेकांशी जुळणारच नाहीत. आणि दोष कुणाच्या निरीक्षणाचा नसेल.

सांध्यावर काय हरवतं

दुसरा घोटाळा बारीक आहे, पण जास्त पसरलेला. अनेक जण प्रत्येक व्हीओबी आधी एमपी४ करतात आणि मग त्या एमपी४ जोडतात. तर्क बरोबर वाटतो. पण डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं असतं. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण, मग पुढच्या काही फ्रेममध्ये फक्त झालेला बदल. पूर्ण फ्रेम आणि तिच्यावर विसंबलेल्या फ्रेम यांचा एक गट होतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत असा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो.

फाइल बाइट मोजून तुटते, त्यामुळे ती गटाच्या मध्येही तुटू शकते. सलग वाचलं तर काही बिघडत नाही, अर्धा गट या फाइलमधून आणि उरलेला पुढच्या फाइलमधून येतो. पण दुसरी फाइल एकटी दिली तर कन्व्हर्टरसमोर आधी 'बदल' येतात, आणि बदल कशात करायचा ती पूर्ण फ्रेम मागच्या फाइलमध्ये राहिलेली असते. तो त्या फ्रेम टाकून देतो आणि पुढच्या पूर्ण फ्रेमपासून सुरू करतो. सांध्यावर सेकंदाचा काही भाग गेला. आवाजाचाही एखादा कण असाच जातो, आणि तो चित्राइतकाच जाईल याची खात्री नाही. पाच तुकड्यांची डिस्क असेल तर चार सांधे. शेवटच्या तुकड्यातल्या सगळ्या वेळा थोड्या अलीकडे सरकलेल्या. माणसाच्या मुलाखतीत याने फरक पडणार नाही. प्रतिक्रियाकाळ मोजत असाल तर नक्की पडेल.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी जोडणी, मग गरज असेल तरच रूपांतर.

जोडायचं कसं

सगळ्यात पहिलं काम जोडणीचं नाहीच. आधी पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा घ्या. नुसत्या व्हीओबी ओढून घेऊ नका, अनुक्रमणिका मागे राहते. ओरखडे असलेल्या डिस्कसाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू फार चांगलं आहे. ते वाचता येणारे भाग आधी उचलतं, अडलेल्या भागांची नोंद ठेवतं आणि नंतर त्यांच्याकडे परत येतं. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेले भाग मिळवायचा प्रयत्नही त्या नोंदीच्या आधारे करता येतो. आयएसओ मिळाली की तिचा शा-२५६ चेकसम काढून ठेवा आणि मूळ डिस्क परत कपाटात. यापुढे सगळं काम आयएसओवर. विंडोज ८ किंवा पुढच्या विंडोजमध्ये आयएसओवर डबल-क्लिक केलं की ती डिस्कसारखीच उघडते.

जोडणीसाठी माझी पहिली पसंती मेकएमकेव्ही. डीव्हीडीसाठी ते मोफत वापरता येतं. ते आयएफओ वाचतं, त्यातल्या क्रमाने चित्र उचलतं आणि पुन्हा न दाबता, जसंच्या तसं, एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतं. चित्राचा दर्जा बदलत नाही, वेळेचे शिक्के सलग होतात. एक गोष्ट मात्र आधी तपासा. त्याच्या सेटिंगमध्ये किमान लांबी १२० सेकंद ठरवलेली असते आणि त्याहून छोटी रेकॉर्डिंग ते गाळतं. सिनेमाच्या डिस्कवर हे सोयीचं आहे, जाहिरातींचे तुकडे गळतात. पण तुमच्या प्रयोगात ९० सेकंदांच्या चाचण्या असतील तर त्या गुपचूप गायब होतील. तो आकडा शून्य करून घ्या.

दुसरा पर्याय एमकेव्हीटूलनिक्स. यात व्हीटीएस_०१_१ दिली की ०१_२, ०१_३ हे पुढचे तुकडे ते स्वतःहून शोधून एकच लांब फाइल असल्यासारखे वाचतं. ते तुकडे यादीत परत हाताने जोडू नका, नाहीतर तोच भाग दोनदा येईल.

तिसरा पर्याय एफएफएमपेग, आणि ज्यांना पुढे शेकडो डिस्क हाताळायच्या आहेत त्यांनी हे शिकावंच. यात जोडण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. व्हीओबीसाठी 'कॉन्कॅट प्रोटोकॉल' वापरायचा, जो फाइली बाइटला बाइट लावून वाचतो, म्हणजे गट मध्ये तुटलेला असला तरी सांधला जातो. 'कॉन्कॅट डीमक्सर' प्रत्येक फाइल स्वतंत्र उघडतो, तो इथे नको. सोबत कोडेकच्या जागी 'कॉपी' सांगायचं, म्हणजे पुन्हा दाबणं टळतं. घड्याळ शून्यावर गेलेलं दिसलं तर एफएफएमपेग मोठी उडी ओळखून ती अंदाजाने सांधतं. पण तो अंदाजच असतो, कारण या पद्धतीत ते आयएफओ बघत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून आयएफओसकट डीव्हीडी वाचण्याची सोय त्यात आली आहे. तुमच्याकडच्या एफएफएमपेगमध्ये ती समाविष्ट केलेली असेल तर तीच वापरा.

आणि ती जुनी, सगळीकडे सांगितली जाणारी पद्धत: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'कॉपी' ही आज्ञा, फाइलींची नावं मध्ये अधिक चिन्ह देऊन, शेवटी नवीन नाव. ही पद्धत चुकीची नाही, अपुरी आहे. बाइट जोडले जातात, घड्याळाच्या उड्या तशाच राहतात. ज्या डिस्कवर एकच सलग रेकॉर्डिंग आहे तिथे चालून जाते. पण आज्ञेत 'स्लॅश बी' लिहायला विसरू नका. ते नसेल तर फाइली जोडताना विंडोज त्यांना मजकूर समजतं, आणि मजकुराचा शेवट दाखवणारं चिन्ह कुठेही भेटलं की ती फाइल तिथेच संपली असं धरतं. व्हिडिओमध्ये तसा बाइट सुरुवातीलाच कुठेतरी सापडतो. मग ४ जीबी जोडून काही केबीची फाइल हातात येते. लिनक्सवर 'कॅट'ला हा त्रास नाही.

जोडलेली फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२ आहे का बघा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि भरलेली डीव्हीडी जोडल्यावर त्याहून मोठी होते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फाइल परत तोडू नका, एवढं करून!

बाजारातल्या सिनेमांच्या डीव्हीडीवर कुलूप असतं, तो विषय वेगळा. संशोधनासाठी न्याय्य वापराची तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे आणि असं संरक्षण तोडण्याबद्दलचं कलम ६५अ २०१२ च्या दुरुस्तीत आलं. चित्रपट-अभ्यास करणाऱ्यांनी दोन्ही वाचावीत आणि आपल्या ग्रंथपालांशी बोलावं. लॅबच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवर कुलूप नसतं.

जोडलं ते बरोबर आहे का

ही पायरी कुणी करत नाही, आणि करायला दहा मिनिटं लागतात. पाल डीव्हीडीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. वरच्या उदाहरणातली ४१ मिनिटं म्हणजे २,४६० सेकंद, म्हणजे ६१,५०० फ्रेम. एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने फ्रेम मोजून घ्या आणि आयएफओतल्या लांबीशी ताडून बघा. दोन-चार फ्रेमचा फरक सोडून द्या, शंभराचा असेल तर सांध्यावर काहीतरी झालंय. मग प्रत्येक सांध्याच्या आधीचे आणि नंतरचे दहा सेकंद डोळ्यांनी बघा. शेवटच्या मिनिटात टाळी, दार आपटणं असं काही असेल तर आवाज आणि चित्र जुळतंय का तेही बघा. सुरुवातीला जुळतं आणि शेवटी जुळत नाही, असं असेल तर मधल्या सांध्यांवर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या प्रमाणात गळलेत.

मोजमाप करणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी

पहिली. २५ फ्रेम म्हणजे दर फ्रेमला ४० मिलिसेकंद. पण व्हिडिओ कॅमेऱ्याची पाल फ्रेम बहुधा दोन अर्ध्या चित्रांची विणलेली असते: सम ओळी एका क्षणाच्या, विषम ओळी २० मिलिसेकंदांनंतरच्या. वेगाने हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात ते याचमुळे. 'खराब चित्र' समजून ते दात पुसून टाकणारं डीइंटरलेस बटण दाबलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अर्धी माहिती जाते. त्याऐवजी प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी फ्रेम करणारा पर्याय निवडा, मग सेकंदाला ५० फ्रेम मिळतात. १ मीटर उंचीवरून पडणारा गोळा ०.४५ सेकंदांत खाली येतो. २५ च्या हिशोबाने त्याची जेमतेम ११ चित्रं, ५० च्या हिशोबाने २२. आलेख काढून गुरुत्वत्वरण शोधायचं असेल तर हा फरक मोठा आहे. नव्या फाइलमध्ये वस्तू पुढे-मागे थरथरत जाताना दिसली तर सम-विषमचा क्रम उलटा लागला आहे, तो बदला.

दुसरी. पाल डीव्हीडीची फ्रेम ७२० गुणिले ५७६ पिक्सेलची असते, पण ते पिक्सेल चौरस नसतात. ४:३ चं चित्र दाखवताना प्लेअर ते आडवं ताणून ७६८ करतो. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ इमेजजेमध्ये, मूळ फ्रेम टाकल्या तर हा ताण दिला जात नाही. मग उभ्या अंतरावरून स्केल लावून आडवं अंतर मोजलं तर ते सुमारे ६ टक्क्यांनी कमी येतं. १६:९ च्या चित्रात तर ७२० चे १,०२४ व्हायला हवे असतात, तिथे फरक ३० टक्के. चित्रात एखादी गोल वस्तू असेल, घड्याळ, पेट्री डिश, तर तिची रुंदी आणि उंची मोजा. लगेच कळतं.

सगळंच जोडायची गरज आहे का?

माझं स्पष्ट मत: नाही. एका रेकॉर्डिंगचे बाइटमुळे झालेले तुकडे जोडायलाच हवेत, कारण ते तुकडे कृत्रिम आहेत. पण वेगवेगळी रेकॉर्डिंग, आणि त्याहून जास्त वेगवेगळ्या डिस्क, जोडून एक 'पूर्ण दिवसाची' फाइल करण्याचा मोह टाळा. ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर नेहमीच्या दर्जात अर्ध्या तासाच्या आसपास मावायचं. डिस्क बदलायला, नवीन तयार व्हायला वेळ जायचा. त्या वेळात पक्षी काय करत होता ते कुणालाच माहीत नाही. सलग फाइलमध्ये ती पोकळी दिसत नाही, आणि दोन भेटींमधलं अंतर काढताना ती हिशोबातून निघून जाते. बोरिस, एलान यांसारख्या निरीक्षण-नोंदीच्या सॉफ्टवेअरना वेगळ्या फाइली चालतात. तेव्हा एक रेकॉर्डिंग, एक फाइल. सोबत साधी एक्सेल शीट: डिस्क क्रमांक, रेकॉर्डिंग क्रमांक, लांबी, आणि खऱ्या घड्याळात ते कधी सुरू झालं. ही शेवटची वेळ डिस्कच्या लेबलवर, वहीत किंवा चित्रात दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळात सापडते. खरी वेळ हवी तेव्हा दोन आकडे मिळवायचे.

प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात याचं एक वाक्य येऊ द्या. असं काहीतरी: 'डीव्हीडीवरील रेकॉर्डिंगची आयएसओ प्रत घेऊन ती अमुक सॉफ्टवेअरच्या अमुक आवृत्तीने पुन्हा संकोचन न करता एमकेव्ही स्वरूपात घेतली, सेकंदाला ५० अर्धचित्रांवर वेळमापन केले, वेगळी रेकॉर्डिंग एकत्र जोडलेली नाहीत.' आवृत्तीचा आकडा त्याच दिवशी लिहून ठेवा, तीन वर्षांनी तो शोधणं फार वैतागाचं काम आहे. आणि व्हीआरओ फाइल असलेल्या डिस्क वेगळ्या काढून ठेवा, त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहीन.